दादाच्या डोक्यावरचे पाट

आगाशीत आमच्या भावकीत माझ्या मोठ्या भावाचा विषय निघाला की आजही कोणीतरी म्हणतंच, "तोच ना, ज्याने बापाच्या दहाव्याला केस दिले नाहीत?" ज्यांनी दादाला कधी पाहिलं नाही अशा नव्या सुनांनाही हे सांगितलं जातं. एखाद्याची शेती सांगावी, एखाद्याचं शिक्षण सांगावं, तसं दादाचं हे सांगतात.

दादाने केस दिले होते. त्याच्या डोक्याची मागची बाजू मी माझ्या हाताने काढली होती. ही गोष्ट पन्नास वर्षं फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती. दादा बोलला नाही, कारण बोलला असता तर मी खोटा पडलो असतो. मीही त्याच कारणासाठी बोललो नाही. आता माझं वय झालं आहे, दादाचं माझ्याहून जास्त, आणि जे झालं ते लिहून ठेवायला हवं.

सुरुवात दादाच्या डोक्यापासून करावी लागेल.

तो जन्मला तेव्हा त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा, मऊ, जरासा तपकिरी डाग होता. जावळ काढायला मामाच्या मांडीवर बसवलं तेव्हा न्हाव्याचा हात तिथे थांबला. "इथं कातडी सैल हाय," म्हणाला, आणि तेवढी जागा सोडून त्याने बाकीचं काढलं. पुढे वसईला एका वयस्कर डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, हा जन्माचा तीळ आहे, मोठा आहे, पोराबरोबर वाढेल, स्वच्छ ठेवा. हे ऐकून आमची आत्या म्हणाली, "तीळ म्हणे! एवढा? हा तर तिळाचा लाडू झाला." हे सगळं मला आत्यानेच सांगितलेलं. मी दादापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि आई गेली तेव्हा मला कळतही नव्हतं.

मला आठवतो तो पंधरा-सोळा वर्षांचा दादा. तोवर तो तीळ भलताच वाढला होता. डोक्याला पुरून उरेल इतकी कातडी झाली होती आणि तिच्या घड्या पडल्या होत्या. उंच मऊ वरंबे आणि त्यांच्यामध्ये खोल चरे, वेडेवाकडे, माथ्यापासून मानेपर्यंत. त्या जागेवर केस विरळ होते, पण आजूबाजूचे दाट होते. ते लांब वाढवून मागे वळवले की वरवर पाहणाऱ्याला काही दिसत नसे. वर टोपी. आप्पांच्या वयाची माणसं टोपी घालत. दादाने ती मिसरूड फुटायच्या आधी घातली.

आमची केळीची आणि पानवेलींची वाडी होती, कडेला मोगरा. पंपाचं पाणी हौदात पडायचं, हौदातून पाटात, आणि पाटातून झाडांच्या आळ्यांत. संध्याकाळी शिंपण झालं की दादा हौदाच्या काठावर टोपी काढून बसायचा आणि मी तांब्याने त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचो. पाणी त्या चऱ्यांमधून वळणं घेत मानेकडे उतरायचं, हुबेहूब आमच्या वाडीतल्या पाटांसारखं. मी बोटाने एखादा चरा अडवायचो की पाणी शेजारच्या चऱ्यात वळायचं. दादा मान खाली घालून डोळे मिटून सांगायचा, "केळीला झालं. आता मोगऱ्याला सोड." मी बोट काढायचो. "अरे, पानवेल राहिली की! आप्पा ओरडतील." मग मी कानामागचा चरा भरायचो.

हा आमचा खेळ मी कितीतरी वर्षं खेळलो. मला ते डोकं कधी विचित्र वाटलं नाही. उलट शाळेत इतरांची डोकी बघून मला वाटायचं, ह्यांच्यात पाणी कुठे सोडणार?

खेळ संपला की आत्याची पाळी. आत्या आप्पांची धाकटी बहीण, आगाशीतच दिलेली, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. तिच्या अंगणात सुकेळी व्हायची. पिकलेली राजेळी केळी सोलून ती मांडवावर उन्हात घालायची, उलटायची, संध्याकाळी झाकायची, पुन्हा सकाळी उघडायची. केळं सुकलं की नाही हे ती अंगठ्याने दाबून बघायची. तोच अंगठा ती दादाच्या डोक्यावरच्या घड्यांत फिरवायची. जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बोटाला गुंडाळून एकेक चरा टिपून काढायची. ओल राहिली की तिथे खाज सुटे, वास येई, कधी पू होई. ती टोपीवर भारी चिडायची.

"काढ ती. वारा लागू दे."

"लोक बघतात, आत्या."

"बघू देत. त्यांची डोकी काय फार चांगली आहेत? वरून सपाट, आतून नासकी."

आमची घरची बोली मी इथे लिहीत नाही. ती आता माझ्या नातवंडांनाही कळत नाही. पण आत्याचं प्रत्येक वाक्य माझ्या कानात त्याच बोलीत वाजतं, हे सांगून ठेवतो.

दादाने शाळा लवकर सोडली आणि आप्पांबरोबर वाडी बघायला लागला. लग्न करायचं नाही हे त्याने स्वतःच जाहीर केलं. आप्पांनी एकदोनदा विषय काढला, मग सोडून दिला. मी मात्र शिकलो आणि मुंबईला एका कचेरीत नोकरीला लागलो. वसईच्या एका घरातून मला मुलगी सांगून आली. मी तिला पाहिलं आणि मला ती फार आवडली. हे लिहायला ह्या वयात संकोच वाटतो, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बोलणी बरीच पुढे गेली होती. सुपारी फुटायची होती, आणि तेवढ्यात आप्पा गेले. दुपारी वाडीतून आले, पाणी मागितलं, आणि पाणी यायच्या आत गेले.

अग्नी दादाने दिला. टोपी होतीच. त्या गर्दीत कोणाचं लक्ष नव्हतं.

दहाव्याला मात्र आमच्यात मुलगे आणि पुतणे केस देतात. देवळामागच्या तळ्यावर सगळी भावकी जमते, न्हावी ओळीने बसवतो, मोठ्या मुलापासून सुरुवात होते. आदल्या दिवशी निरोप आला की मुलीकडची मंडळी दहाव्याला येणार आहेत. मुलीचे वडील, काका, मामा. दुःखात यावं, ही त्यांची माणुसकी. तळ्यावर, सगळ्यांच्या देखत, पहिलं डोकं दादाचं उघडं पडणार. ते बघतील. घरी जाऊन म्हणतील, ह्यांच्या घराण्यात काहीतरी आहे. आपल्या मुलीच्या पोरांना झालं तर? माझ्या ओळखीत एक सोयरीक ह्याहून साध्या कारणाने मोडली होती. मुलीच्या मामीच्या अंगावर कोड होतं, एवढंच.

मी दादाकडे गेलो. तो मागच्या पडवीत केळीच्या सोपाचे, म्हणजे खोडाच्या सालीचे, बंद सोलत बसला होता. मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दाने आठवतं, पण तसं लिहवत नाही. मतितार्थ असा, की तू उद्या तळ्यावर येऊ नकोस. बरं नाही म्हणून सांगू. मी तुझ्या जागी बसेन.

दादा हातातला बंद सोलत राहिला. मग म्हणाला, "आप्पांना चालेल का?"

मी म्हणालो, "आप्पा असते तर तेच म्हणाले असते." हे खोटं होतं. आप्पा तसं कधीच म्हणाले नसते.

"बरं," दादा म्हणाला. "मुलगी चांगली आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी तळ्यावर मी गुरुजींना सांगितलं की दादाला ताप आहे. गुरुजी कुरकुरले, अग्नी एकाने दिला आणि पिंड दुसरा देणार, पण पोथी उघडली. न्हाव्याने माझ्या डोक्याला पाणी लावलं. मुलीकडची मंडळी पायऱ्यांवर बायकांच्या पलीकडे उभी होती. तेवढ्यात आत्या तरातरा माझ्याकडे आली.

"ताप? काल संध्याकाळी चांगला होता. मी घरी जाऊन बघते. अंगात ताप असला तरी टांग्यात घालून आणते. टोपी नसली तर माझा पदर धरते त्याच्या डोक्यावर. मोठा मुलगा नाही म्हणजे काय?"

ती खरंच निघाली. ती त्याला घेऊन आलीच असती, हे मला माहीत होतं. डोक्यावर पदर धरलेला दादा आणि सगळ्यांच्या वळलेल्या माना मला डोळ्यांसमोर दिसल्या. मी तिचा हात धरला आणि तोंडात आलं ते बोललो.

"जाऊ नकोस, आत्या. ताप नाही. तो म्हणाला, मी केस देणार नाही."

आत्या जागच्या जागी उभी राहिली. तिला त्या डोक्याचं सगळं माहीत होतं, त्यामुळे तिला हे खरं वाटलं. आणि त्यामुळेच तिला ते सहन झालं नाही. तिने ते डोकं इतकी वर्षं स्वतःच्या हाताने कोरडं ठेवलं होतं, आणि त्या पोराला आज बापासाठीसुद्धा ते उघडं करायची लाज वाटली, असं तिने धरलं. ती मोठ्याने म्हणाली, तळ्याच्या पलीकडच्या काठालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "बापापेक्षा केस मोठे झाले त्याला?"

न्हाव्याने वस्तरा थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने काम पुढे चालू केलं.

मंडळी चहा घेऊन वसईच्या बसने परत गेल्यावर मी वाडीत गेलो. दादा हौदाच्या काठावर बसला होता. समोर केळीच्या खोडाला आरशाचा तुकडा टेकवलेला, हातात आप्पांचा वस्तरा. पुढचं अर्धं डोकं त्याने स्वतःच काढलं होतं. कानामागे कापलं होतं आणि मानेवर रक्त सुकलं होतं. पायाशी पाटात पाणी वाहत होतं. त्याने पंप चालू ठेवला होता.

मला बघून तो ओशाळला. "मागचं जमत नाही रे. घडी ताणून धरायला दोन हात लागतात, मग वस्तरा कशात धरू?" मग जरासा हसला. "बघ, तिसरा हात पाठवला आप्पांनी."

मी त्याच्या मागे बसलो. आम्ही दोघे मिळून ते केलं. तो दोन्ही हात मागे घेऊन घडी ताणायचा आणि मी वस्तरा चालवायचो. पानवेलीची ओली पानं एकमेकांना चिकटलेली असली तर ती न फाडता सोडवताना जसा हात जपून चालवावा लागतो, तसा मी चालवला. तरी एकदा कापलं. त्याने फक्त श्वास आत ओढला. सगळं झाल्यावर मी तांब्याने पाणी ओतलं. पाणी त्या चऱ्यांतून वळत खाली उतरलं. बरोबरीला माझंही तुळतुळीत डोकं. दोघांपैकी कोणी केळीचं नाव काढलं नाही, मोगऱ्याचंही नाही.

दादाने केस गोळा केले आणि पाटाच्या पाण्यात सोडले. मग दक्षिणेकडे तोंड करून ओंजळीने पाणी दिलं. मंत्र त्याला येत नव्हते. तो नुसता "आप्पा" म्हणाला.

चपला घालताना त्याने विचारलं, "आत्या आली होती? काय म्हणाली?"

"काही नाही," मी म्हणालो.

आता पंचाईत अशी की केस गेल्यावर टोपीखालून मानेवरच्या घड्या उघड्या दिसत होत्या. म्हणून दादा दुसऱ्या दिवशीच डहाणूकडे आप्पांच्या ओळखीच्या एका चिकूच्या वाडीवर गेला. केस वाढले की येतो म्हणाला. तेराव्यालाही तो नव्हता, आणि लोकांना आत्याचं वाक्य अगदी पटलं.

माझं लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं. दादा आला, डोक्याला फेटा बांधून. मी बोहल्यावर उभा होतो तिथून मला दिसलं. तो आत्याच्या पाया पडायला वाकला आणि आत्याने पाय मागे ओढले. "आधी बापाला केस दे," ती म्हणाली, "मग माझ्या पाया पड." दादा वाकलेलाच राहिला क्षणभर. मग उठला आणि त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं. मी हातातल्या हाराकडे बघत राहिलो. भटजी मंगलाष्टकं म्हणत होते, लोक अक्षता टाकत होते. मला वाटलं, दादा आता बोलेल. तो मांडवाच्या मागे जाऊन जेवणाच्या पंगतीत वाढायला लागला.

त्यानंतर तो डहाणूलाच राहिला. सणाला यायचा, माझ्या मुलाला चिकू आणायचा, आत्याच्या गल्लीतून जायचं टाळायचा. वाटणीत वाडीतला आपला भाग माझ्या नावावर करून द्यायला त्याने खळखळ केली नाही. लोक म्हणाले, कोणत्या तोंडाने करणार?

लग्नानंतर पहिल्याच दिवाळीला माझ्या बायकोने दादाचं डोकं पाहिलं. तो मागच्या दारी अंघोळ करत होता आणि ती पाणी घेऊन गेली. मी धास्तावलो. रात्री भांडी आवरताना ती म्हणाली, "भाऊजींच्या डोक्याला खोबरेल लावता का तुम्ही? घड्यांत कोरडी पावडर घालायला हवी, तेल नको." एवढंच. मी ज्याच्यासाठी हा सगळा प्रकार केला होता ते एका वाक्यात संपलं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "मग ते दहाव्याला का नव्हते? ताप होता म्हणून की...?" मी म्हणालो, "ते त्यालाच विचार." मोठ्या दिराला ती असलं कधी विचारणार नाही, हे मला माहीत होतं. तिने विचारलं नाही. तिच्या शेवटच्या आजारातही मी तिला सांगितलं नाही. ती मला चांगला माणूस समजून गेली. हे लिहिताना थांबावं लागलं.

वाडी पुढे बिल्डरने घेतली. मी बोळिंजला फ्लॅट घेतला, मुलगा-सून तिथेच. दादा थकल्यावर मी त्याला डहाणूहून आणलं. तो गॅलरीत बसतो. सुनेने तिथे कुंडीत मोगरा लावला आहे, दादा त्याला इतकं पाणी घालतो की खालच्या मजल्यावरची बाई तक्रार करायला येते.

ह्या वर्षी सुनेच्या लक्षात आलं की दादाच्या उशीचे अभ्रे डागाळतात. "काका, डोकं दुखतं का? बाबा, ह्यांना स्किनच्या डॉक्टरकडे नेऊया ना, प्लीज." विरारच्या त्या तरुण डॉक्टरबाईंनी टोपी काढायला लावली आणि म्हणाल्या, केस काढल्याशिवाय नीट दिसणार नाही. त्यांचा मदतनीस मशीन घेऊन आला, पण घड्यांत ते चालेना. मी उठलो आणि दादाच्या मागे उभा राहून कातडी ताणून धरली. दादा म्हणाला, "ह्या वेळी वस्तरा दुसऱ्याकडे आहे. बरं झालं, तू कापतोस."

डॉक्टरबाई हसल्या. तपासून त्यांनी सांगितलं की हा दुर्मिळ प्रकारचा तीळ आहे, जन्मापासूनचा, घड्या पडणारा. लागण होत नाही आणि सहसा घराण्यात चालत येत नाही. एका घडीत गाठ आणि जखम होती, तिचा तुकडा तपासायला घेतला. त्यात पुढे काही वाईट निघालं नाही. पण "घराण्यात चालत येत नाही" हे त्यांनी सहज सांगितलं आणि मी त्यांना ते पुन्हा म्हणायला लावलं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी वेगळा वागलो असतो का? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. वसईच्या माणसांना समजावण्यापेक्षा दादाला दूर ठेवणं सोपं होतं.

परत येताना रिक्षात सुनेने विचारलं, "ह्या वेळी वस्तरा दुसऱ्याकडे, म्हणजे? काकांनी तर आजोबांच्या वेळी केस दिले नव्हते ना? आगाशीच्या आजी सांगतात." आजी म्हणजे आत्या. दादा बाहेर बघायला लागला. मग मी सांगितलं. रिक्षाच्या आवाजात, ओरडून ओरडून, सगळं. रिक्षावाला आरशातून बघत होता.

सून माझ्या कानाशी वाकली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, बाबा? आगाशीला सांगा. त्या नव्वदीच्या पुढे आहेत."

दादा म्हणाला, "कशाला उगाच? ती म्हातारी, मी म्हातारा. आता काय व्हायचंय?" पण जायच्या दिवशी त्याने दाढी केली आणि मला विचारलं, "टोपी घालू की नको?"

जखम सुकत आली तेव्हा आम्ही गेलो. आत्या ओट्यावर खाटेवर बसली होती, अंगणातल्या मांडवाकडे तोंड करून. सुकेळी आता तिची नातसून करते, आत्या बसल्या जागेवरून हुकूम सोडते.

"कोण?"

"मी, आत्या. बोळिंजचा."

"एकटाच?"

"दादा आहे बरोबर."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. "त्याला कशाला आणलास?"

"त्याच्याकडे बघू नकोस. माझं ऐक."

मी खाटेशी खाली बसलो आणि सांगितलं. मुलीकडची माणसं, तळं, मी धरलेला तिचा हात, आणि नंतर वाडीतला हौद. तिने एकदाही मला थांबवलं नाही. दादा टोपी घालून पायरीवर उभा होता. माझं संपलं तेव्हा तिने तोंड वळवलं. डोळ्यांनी तिला आता कमी दिसतं, पण माझ्याकडे रोखून बघत होती.

"मागची बाजू कोणी काढली म्हणालास?"

"मी."

"कशाने?"

"आप्पांच्या वस्तऱ्याने."

"साबण लावला होतास?"

"नाही. नुसतं पाणी."

"त्या कातडीला नुसतं पाणी!" ती ओरडली. "मेल्या, साबण लावायची पण अक्कल नाही? आणि तू रे," ती पायरीकडे वळली, "तुला तोंड दिलं नव्हतं देवाने? लग्नात मी पाय ओढले तेव्हा दातखीळ बसली होती?"

दादा म्हणाला, "त्याचं लग्न होतं, आत्या."

आत्याची हनुवटी हलत होती. मग मला म्हणाली, "तू ऊठ इथून. तिकडे त्या टोकाला बस." तिथे ऊन होतं. मी जाऊन बसलो.

"तू इकडे ये," ती दादाला म्हणाली. "टोपी काढ."

दादा तिच्या खाटेशी खाली बसला आणि त्याने टोपी काढली. बारीक खुंट उगवले होते, एका घडीवर पट्टी होती. आत्याने हात चाचपत त्याच्या डोक्यावर नेला. तिचा अंगठा पहिल्या घडीत शिरला आणि तिथून सगळ्या वळणांनी मानेपर्यंत गेला. वाट तिच्या अंगठ्याच्या लक्षात होती.

"ओलं आहे," ती म्हणाली. "अजून ओलं ठेवतोस."

तिने नातसुनेला मऊ कापड आणायला सांगितलं. नातसून नॅपकिन घेऊन आली तर तो परत पाठवला. जुन्या लुगड्याचाच तुकडा हवा. तो मिळाल्यावर तिने तो बोटाला गुंडाळला आणि चरे टिपायला लागली. मला वाटलं, झालं, मला आता चहा मिळेल. तोच ती नातसुनेला म्हणाली, "समोरचीला बोलाव. बाजूच्या घरातली सगळी. देवळात कोणी भावकीतलं असेल तर त्यालाही."

"कशाला, आत्या?" मी विचारलं.

"मी तळ्यावर ओरडून बोलले होते. तू माझ्या कानात सांगून मोकळा होणार?"

माणसं येत गेली. बायका, दोन-तीन म्हातारे, मोबाइल हातात धरलेली पोरं. प्रत्येक नवं माणूस आलं की आत्या बोट करायची आणि मी पहिल्यापासून सुरुवात करायचो. तळ्यावर त्या दिवशी जी माणसं होती त्यांतली बहुतेक आता नाहीत. त्यांना सांगायचं राहिलं, म्हणूनच हे लिहितो आहे. तिसऱ्यांदा सांगत होतो तेव्हा उन्हाने माझं डोकं तापलं होतं. दादा आत्याच्या गुडघ्याला टेकून डुलक्या घेत होता आणि तिचं बोट त्याच्या मानेजवळच्या शेवटच्या चऱ्यात होतं. मी वाडीपर्यंत आलो, हौदापर्यंत आलो, वस्तऱ्यापर्यंत आलो.

"थांब," आत्या म्हणाली. "साबण नव्हता ते पण सांग."